गाणारा ब्रेकमन

किशोरकुमारच्या गाण्यात मधूनच येणारा तो गळ्याचा हेलकावा मराठी रसिकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. सरळ चाललेला सूर एकाएकी उंच, कोवळ्या आवाजात उडी घेतो, क्षणभर तिथे तरंगतो आणि पुन्हा खाली उतरतो. या प्रकाराला योडलिंग म्हणतात. आल्प्सच्या डोंगरांतील गुराख्यांची ही हाळी खांडव्याच्या एका बंगाली घरात कशी पोहोचली, याचे उत्तर देताना दोन नावे घेतली जातात. किशोरकुमारचा भाऊ अनुपकुमार याच्या संग्रहात टेक्स मॉर्टन आणि जिमी रॉजर्स या गायकांच्या तबकड्या होत्या आणि त्या ऐकून किशोरने ही करामत गळ्यावर चढवली, असे सांगितले जाते. त्यांपैकी मॉर्टन न्यूझीलंडचा, आणि तोही रॉजर्सच्याच गाण्यांच्या प्रभावाखाली घडलेला. म्हणजे धागा अखेर एकाच माणसापाशी जाऊन पोहोचतो. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचा जनक म्हणून ज्याला मान दिला जातो, तो जिमी रॉजर्स अवघी ३५ वर्षे जगला. त्यांपैकी जेमतेम सहा वर्षे त्याने ध्वनिमुद्रण केले. आणि ती सहाही वर्षे त्याच्या फुप्फुसांत क्षय मुक्कामाला होता.

अमेरिकेत आज कंट्री आणि रॅप यांची सरमिसळ करणारी गाणी लोकप्रिय आहेत. एक संगीत गोऱ्या खेडुतांचे आणि दुसरे काळ्या शहरी तरुणांचे, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे हा संकर अनेकांना नवलाचा, तर काहींना विपरीत वाटतो. रॉजर्सचे चरित्र पाहिले की हे मिश्रण किती जुने आहे ते ध्यानात येते. कंट्री संगीताची वेगळी ओळख निर्माण होत होती, त्याच वेळी त्यात काळ्या मजुरांचा सूर मिसळलेला होता. तो मिसळणारा माणूस मात्र गोरा होता, आणि ज्यांच्याकडून त्याने तो घेतला त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

जेम्स चार्ल्स रॉजर्स याचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ रोजी झाला. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन हे त्याचे गाव मानले जाते. काही जण शेजारच्या अलाबामा राज्यातील गायगर या गावाचाही दावा सांगतात. मेरिडियन हे रेल्वेचे मोठे जंक्शन होते. जिमीचे वडील एरन रॉजर्स हे मोबाइल अँड ओहायो रेल्वेवर रूळदुरुस्ती करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. काम फिरतीचे, घर कधी एका जागी स्थिर नसलेले. जिमी पाच-सहा वर्षांचा असताना आई गेली. त्यानंतर मुलगा कधी या नातेवाइकाकडे तर कधी त्या, असा वाढला. शाळेत त्याचे मन रमले नाही. न्हाव्याची दुकाने, रेल्वेचे यार्ड आणि नाटकगृहाच्या आसपासचे रस्ते हीच त्याची शाळा झाली.

रंगमंचाचे वेड त्याला फार लवकर लागले. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने गावातील हौशी गायकांची स्पर्धा जिंकली आणि त्या यशाच्या भरात तो घरातून निघूनच गेला. घरच्या चादरी शिवून केलेल्या तंबूत त्याने खेळ लावल्याची आणि पुढे वडिलांच्या नावावर उधारीने चांगला तंबू खरेदी केल्याची हकीकत त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. एका फिरत्या ‘मेडिसिन शो’बरोबरही तो काही काळ हिंडला. गावोगाव जायचे, गाणी आणि नकला करून गर्दी जमवायची आणि मग जमलेल्या लोकांना सर्व रोगांवरील रामबाण औषधाच्या बाटल्या विकायच्या, असा तो धंदा होता. वडिलांनी त्याला शोधून परत आणले आणि दोनच पर्याय समोर ठेवले, शाळा किंवा रेल्वे. जिमीने रेल्वे निवडली.

त्याचे पहिले काम पाणक्याचे. रुळांवर राबणाऱ्या टोळीला बादलीतून पाणी नेऊन द्यायचे. दक्षिणेकडील राज्यांत या टोळ्यांमध्ये प्रामुख्याने काळे मजूर असत. सरकलेला रूळ जागेवर आणण्यासाठी दहा-बारा मजूर लोखंडी पहारी रुळाखाली घालून एकाच क्षणी जोर लावत. तो जोर एकदम पडावा म्हणून त्यांच्यातील एक जण ठेक्यात ओळी म्हणे आणि बाकीचे त्याला साथ देत पहार रेटत. त्या ओळींत मुकादमाची चेष्टा असे, घरी राहिलेल्या बायकोची आठवण असे, देवाची करुणा असे आणि चावटपणाही असे. ते पुरते गाणे नव्हते आणि नुसते बोलणेही नव्हते. आपल्याकडे मोटेवर आणि जात्यावर जसे कष्टातून गाणे उमटले, तसेच ते होते. काळ्या अमेरिकी लोकांच्या ठेक्यातल्या बोलण्याची परंपरा फार जुनी आणि अनेकपदरी आहे. तिच्यातूनच पुढे रॅप आले आणि या हाळ्याही त्याच परंपरेच्या. जिमी रॉजर्सच्या कानांवर त्या कोवळ्या वयात पडल्या. गिटार आणि बँजोचे पहिले धडेही त्याने या मजुरांकडूनच घेतले, असे मानले जाते.

थोरला भाऊ वॉल्टर हा मेरिडियन ते न्यू ऑर्लिन्स या मार्गावर कंडक्टर होता. त्याच्या खटपटीने जिमीला न्यू ऑर्लिन्स अँड नॉर्थईस्टर्न रेल्वेवर ब्रेकमनची नोकरी लागली. मालगाडीचे डबे जोडणे-सोडणे, सांधे बदलणे, गरज पडेल तेव्हा धावत्या गाडीच्या टपांवरून चालत जाऊन ब्रेक आवळणे, अशी ती कामे. ऊन, पाऊस, थंडी आणि इंजिनाचा धूर अंगावर घेत करायची. नोकरीही कायमची नसे. मालवाहतूक घटली की सर्वांत आधी नव्या माणसांना घरी बसवले जाई. असे घरी बसण्याचे प्रसंग जिमीवर वारंवार आले आणि प्रत्येक वेळी तो गिटार घेऊन कुठल्यातरी फिरत्या खेळात सामील होत असे.

१९१७ मध्ये त्याने स्टेला केली हिच्याशी विवाह केला. तो थोड्याच काळात मोडला. एप्रिल १९२० मध्ये मेरिडियनमधील एका धर्मोपदेशकाची मुलगी कॅरी विल्यमसन हिच्याशी त्याचे दुसरे लग्न झाले. जानेवारी १९२१ मध्ये अनिता ही मुलगी जन्मली. दुसरी मुलगी १९२३ मध्ये झाली, पण ती वर्षभरही जगली नाही. त्या वेळी जिमी कामाच्या शोधात दूर होता आणि त्याच्या खिशात पैसे नव्हते. पुढे सुबत्तेच्या काळातही कॅरीच्या मनातून हे दिवस गेले नाहीत. पतीच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये तिने लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्या ओढगस्तीचे चित्र सविस्तर आले आहे.

१९२४ मध्ये त्याच्या थुंकीतून रक्त पडले आणि क्षयाचे निदान झाले. क्षयावर परिणामकारक ठरलेले पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला अजून १९ वर्षे अवकाश होता. संपूर्ण विश्रांती, सकस आहार आणि कोरडी हवा एवढाच काय तो उपचार. ब्रेकमनला यांतले काहीच परवडणारे नव्हते. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अंथरुणाला खिळून राहणे त्याच्या स्वभावातही नव्हते. थोडे बरे वाटताच तो पुन्हा बाहेर पडला. पुन्हा मेडिसिन शो, पुन्हा फिरते तंबू. या खेळांमध्ये तोंडाला काळा रंग फासून काळ्या माणसांची नक्कल करण्याची तेव्हाच्या गोऱ्या रंगभूमीची रीत होती. रॉजर्सनेही ते सोंग वठवले. ज्यांच्या सुरांवर त्याचे गाणे उभे राहिले त्यांचीच टिंगल करणाऱ्या त्या प्रथेतून तोही सुटला नव्हता. हवापालट आणि काम दोन्ही साधावे म्हणून तो फ्लोरिडात गेला, मग ॲरिझोनाच्या वाळवंटातील टूसॉन येथे सांधेवाल्याची नोकरी केली. पण शरीर आता रेल्वेचे कष्ट झेपण्याच्या पलीकडे गेले होते. उरला होता फक्त गळा, आणि तो ज्या भात्यावर चालायचा तो भाताच फाटत चालला होता.

१९२७ च्या प्रारंभी तो नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल या डोंगराळ गावी आला. तेथे नुकत्याच सुरू झालेल्या नभोवाणी केंद्रावर त्याला गाण्याची संधी मिळाली. टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावच्या ‘टेनेव्हा रॅम्बलर्स’ या वादकांच्या चमूला त्याने हाताशी धरले आणि ‘जिमी रॉजर्स एंटरटेनर्स’ असे नाव देऊन कार्यक्रम सुरू केले. ते काही दिवसांतच बंद पडले. याच सुमारास त्यांच्या कानावर आले की व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीचा राल्फ पिअर नावाचा माणूस ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन ब्रिस्टलला आला आहे आणि स्थानिक गायकांचा शोध घेतो आहे.

हा राल्फ पिअर अमेरिकी संगीताच्या व्यवसायातील फार महत्त्वाची असामी. १९२० मध्ये ओके कंपनीने मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी काढली आणि ती प्रचंड खपली, तेव्हा तो त्याच कंपनीत होता. काळे लोकही तबकड्या विकत घेतात हा शोध तेव्हा कंपन्यांना लागला आणि त्यांच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या नावाची वेगळी सूची निघाली. १९२३ मध्ये पिअरनेच अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन या वृद्ध गोऱ्या व्हायोलिनवादकाचे ध्वनिमुद्रण केले. तीही तबकडी खपली आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी दुसरी सूची तयार झाली. तिला पुढे ‘हिलबिली’ म्हणजे डोंगरी अडाण्यांचे संगीत असे नाव पडले. वास्तविक दक्षिणेतील खेड्यांत काळे आणि गोरे वादक एकमेकांच्या चाली सर्रास उचलत. दोघांची कित्येक गाणीही एकच होती. पण रेल्वेच्या डब्यांत, शाळांत आणि दवाखान्यांत जशी कायद्याने रंगाची फाळणी झाली होती, तशीच ती दुकानदाराच्या फळीवरही झाली. कंट्री हे गोऱ्यांचे आणि ब्लूज हे काळ्यांचे, ही समजूत दृढ होण्यात या सूच्यांचा वाटा मोठा आहे.

ब्रिस्टलमधील मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमारेषा जाते. त्या रस्त्यावरील टोप्यांच्या एका जुन्या कंपनीच्या इमारतीत पिअरने तात्पुरता स्टुडिओ थाटला होता. २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या बारा दिवसांत तेथे झालेल्या ध्वनिमुद्रणांना आज कंट्री संगीताचा आरंभबिंदू मानले जाते. ‘कार्टर फॅमिली’ हे पुढे गाजलेले कुटुंबही तेथेच प्रथम गायले. रॉजर्सची पाळी आली त्याच्या आदल्या रात्री चमूत भांडण झाले. तबकडीवर नाव कोणाचे छापायचे हा वाद. वादक त्याला सोडून गेले. ४ ऑगस्ट रोजी रॉजर्स एकटाच गिटार घेऊन यंत्रासमोर उभा राहिला आणि त्याने दोन गाणी म्हटली, ‘द सोल्जर्स स्वीटहार्ट’ आणि ‘स्लीप, बेबी, स्लीप’. त्याबद्दल त्याला १०० डॉलर मिळाले.

तबकडी निघाली, पण तिचा फार गवगवा झाला नाही. पिअरच्या बोलावण्याची वाट पाहण्याइतका वेळ आपल्यापाशी नाही, हे रॉजर्सला बहुधा कळून चुकले असावे. नोव्हेंबरमध्ये तो आपण होऊन न्यूयॉर्कला गेला, हॉटेलात उतरला आणि आपण आल्याचे त्याने पिअरला कळवले. ३० नोव्हेंबर १९२७ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डन येथे त्याचे दुसरे ध्वनिमुद्रण झाले. त्यात एक गाणे होते, ज्याला कंपनीने ‘ब्लू योडल’ असे नाव दिले. या गाण्याने इतिहास घडवला.

‘ब्लू योडल’चा सांगाडा पूर्णपणे काळ्या लोकांच्या ब्लूजचा आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. गाणारा एक फुशारकीखोर, प्रेयसीने फसवलेला गडी आहे आणि तो बंदुकीची भाषा बोलतो. त्याची कडवी एका गोष्टीने बांधलेली नाहीत. मजुरांच्या तोंडी फिरणारे सुटे तुकडे एकापुढे एक ठेवावेत तशी ती येतात. ही बढाई, ही धमकी आणि त्या आड दडलेले दुःख हे सारे पुढे रॅपमध्ये दिसणार होते. रॉजर्सने या सांगाड्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी आपले योडलिंग जोडले. अमेरिकेत योडलिंग नवे नव्हते. फिरत्या नाटक मंडळ्यांनी ते एकोणिसाव्या शतकातच आणले होते आणि १९२४ मध्ये रायली पकेट या गायकाच्या योडलिंगच्या तबकड्याही निघाल्या होत्या. पण तोपर्यंत ती एक गंमत होती. रॉजर्सच्या गळ्यात तिची आर्त हाक झाली. दूर जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा भास तिच्यात होई. तबकडी लाखांच्या घरात खपली. पुढे त्याने याच नावाची मालिका चालवली आणि अखेरपर्यंत अशी तेरा ‘ब्लू योडल्स’ ध्वनिमुद्रित केली.

पिअरचा व्यवसाय मुख्यतः स्वामित्वहक्कांवर उभा होता. त्याला अशी गाणी हवी असत, ज्यांच्यावर आधी कोणी हक्क नोंदवलेला नाही. त्यामुळे लोकांच्या तोंडी असलेली ओळ जो पहिल्यांदा तबकडीवर आणील, ती त्याच्या नावे लागे. रॉजर्सला नवी गाणी सातत्याने पुरवणे कठीण जाई. कॅरीची बहीण एल्सी मॅकविल्यम्स हिने त्याच्यासाठी अनेक गाणी रचली, आणि त्यांपैकी कित्येकांवर तिने स्वतःचे नावही लावू दिले नाही. बाकीचा माल त्याच्या आठवणीतला होता. रुळांवर, यार्डांत, तंबूंमध्ये ऐकलेला. त्याचे मूळ मालक कोण, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते, कारण तो साऱ्या टोळीचा ठेवा होता. रॉजर्स चोर होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो ज्या रीतीने शिकला त्याच रीतीने गायला. मात्र त्या ठेव्याचा मोबदला एकाच्या हाती पडला, ही वस्तुस्थिती उरतेच.

१९२८ आणि १९२९ ही त्याच्या भरभराटीची वर्षे. दक्षिणेतील मोठ्या नाट्यगृहांत आणि तंबूंत त्याचे प्रयोग होऊ लागले. एक पाय खुर्चीवर, गुडघ्यावर गिटार, चेहऱ्यावर मिस्कील हसू आणि गाण्यांच्या मध्ये सहज गप्पा. कधी ब्रेकमनच्या गणवेशात, कधी झकपक सूट आणि गवती हॅट घालून तो येई. मार्टिन कंपनीने त्याच्यासाठी बनवलेल्या गिटारच्या पट्टीवर शिंपल्याच्या जडावात त्याचे नाव होते आणि मागील बाजूस आभाराचा एक शब्द लिहिलेला होता. गाणे संपले की गिटार उलटी करायची, म्हणजे बोलण्याचे श्रम वाचत. दक्षिणेतील खेड्यांतले शेतकरी दुकानात जाऊन पाव, लोणी आणि रॉजर्सची नवी तबकडी एका दमात मागत, अशी आख्यायिका आहे. १९२९ मध्ये ‘द सिंगिंग ब्रेकमन’ हा छोटा बोलपट निघाला. रेल्वे स्थानकाच्या उपाहारगृहात बसून तो त्यात तीन गाणी गातो. त्याचे चालते-बोलते चित्रण एवढेच उपलब्ध आहे. त्याच वर्षी टेक्सासमधील कोरड्या हवेच्या कर्व्हिल गावात त्याने सुमारे ५० हजार डॉलर खर्चून मोठे घर बांधले. त्याला ‘ब्लू योडलर्स पॅरडाइज’ असे नाव दिले. त्या घरात तो फार थोडे दिवस राहू शकला. पैसा येई त्याच वेगाने तो जाई. गरजूला नाही म्हणणे त्याला जमत नसे आणि औषधोपचारांचा खर्च अखंड चालू होता.

ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. त्याच्या एक वर्ष आधी रॉजर्सने अटलांटा येथे ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले होते. मालगाडीत चोरून बसलेल्या आणि वाटेत हाकलून दिलेल्या एका निष्कांचन भटक्याची ती कहाणी. मंदीत हजारो बेकार तरुण खरोखरच मालगाड्यांमधून कामाच्या शोधात हिंडू लागले, तेव्हा हे गाणे त्यांचे झाले. बेकारी आणि ब्रेकमनची नोकरी, दोन्ही भोगलेल्या माणसाच्या तोंडून ते येत होते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला जाणवत असली पाहिजे. १९३१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत विनोदी वक्ता विल रॉजर्स याच्याबरोबर त्याने टेक्सास आणि आसपासच्या भागांत दुष्काळ व मंदीने पिडलेल्यांच्या मदतीसाठी रेड क्रॉसतर्फे कार्यक्रम केले. दोघांचे आडनाव एक असले तरी त्यांचे नाते नव्हते.

१६ जुलै १९३० हा दिवस विशेष नोंद घेण्याजोगा आहे. हॉलिवूडमध्ये त्या दिवशी ‘ब्लू योडल नंबर ९’ चे ध्वनिमुद्रण झाले. त्यात रॉजर्सच्या साथीला ट्रम्पेटवर होता लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर त्याची पत्नी लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. जाझ संगीताचा युगपुरुष आणि कंट्रीचा जनक एकाच ध्वनिमुद्रिकेवर. रॉजर्स तालाच्या बाबतीत बेफिकीर असे. मनाला येईल तेव्हा तो एखादी मात्रा वाढवी किंवा खाई. आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट त्याच्या या लहरी मागोमाग इतक्या सहजतेने चालतो की ही दोन वेगळ्या जगांतील माणसे वाटत नाहीत. पण तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर फक्त रॉजर्सचे नाव होते. ती हिलबिली सूचीत विकली गेली. पुढच्या वर्षी केंटकीतील लुईव्हिल येथे त्याने काळ्या वादकांच्या एका जग बँडबरोबरही गाणे ध्वनिमुद्रित केले. ज्या मिसिसिपीतून तो आला होता तेथे गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना आगगाडीच्या एका डब्यात बसण्याची मुभा नव्हती.

रोग आता लपण्याजोगा राहिला नव्हता. क्षयाची तेव्हा लोकांना भीती आणि लाजही वाटे. कुटुंबातील क्षयरोग्याचा उल्लेखही टाळला जाई. रॉजर्सने मात्र ३१ जानेवारी १९३१ रोजी सॅन अँटोनियो येथे ‘टी. बी. ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. आपल्याला काय झाले आहे आणि शेवट काय होणार आहे, हे त्यात त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. पुढच्या वर्षी त्याच विषयावर आणखी एक गाणे झाले, त्याचा सूर रोगाला हरवून दाखवण्याचा होता. एका गाण्यात मरण मान्य आणि दुसऱ्यात अमान्य. त्या दोन्ही मनःस्थिती त्याच्या ठायी खऱ्या होत्या. अमेरिकेत १९२७ मध्ये सुमारे १० कोटी तबकड्या विकल्या गेल्या होत्या. १९३२ मध्ये तो आकडा ६० लाखांच्या आसपास आला. रॉजर्सचा खपही घसरला. कर्व्हिलचे घर सोडून कुटुंब सॅन अँटोनियोतील साध्या घरात राहायला आले.

१९३३ च्या वसंत ऋतूत आपली वेळ भरत आल्याचे त्याला कळले होते. पत्नी आणि मुलीसाठी काही पैसा मागे राहावा म्हणून शक्य तेवढी गाणी म्हणून ठेवायची, असे त्याने ठरवले. मे महिन्यात तो टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून बोटीने न्यूयॉर्कला निघाला. सोबत परिचारिका होती. १७ मे रोजी ध्वनिमुद्रण सुरू झाले. दोन-तीन गाणी झाली की थांबावे लागे. कंपनीने स्टुडिओत त्याच्यासाठी एक खाट टाकली होती. गाणे संपले की तो तिच्यावर पडून राही, श्वास परत आला की उठून यंत्रासमोर उभा राही. मध्ये पूर्ण विश्रांतीचे दिवस घ्यावे लागले. २४ मे रोजी शेवटची गाणी झाली. काहींना इतर गिटारवादकांची साथ होती. सर्वांत शेवटचे गाणे, ‘इयर्स अगो’, त्याने पुन्हा एकट्याने आपल्याच गिटारवर म्हटले, ब्रिस्टलमधील पहिल्या दिवसासारखे. त्या मुक्कामात डझनभर गाणी पुरी झाली होती. ती ऐकताना आवाज थकलेला जाणवतो, पण योडलिंग कोठेही टाळलेले नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून तो कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरून आला. त्या रात्री हॉटेल टाफ्टमधील खोलीत त्याच्या छातीतून रक्तस्राव सुरू झाला आणि २६ मे १९३३ च्या पहाटेपूर्वी त्याचे निधन झाले. कॅरी आणि अनिता टेक्सासमध्ये होत्या.

त्याचा देह आगगाडीनेच मेरिडियनला आणण्यात आला. गाडी रात्री गावाजवळ आली तेव्हा चालकाने शिट्टी नेहमीसारखी न वाजवता खालच्या, लांबट सुरात स्थानक येईपर्यंत वाजवत ठेवली, असे सांगतात. ओक ग्रोव्ह दफनभूमीत, अवघ्या काही महिन्यांच्या आयुष्यानंतर गेलेल्या मुलीच्या गावातच, त्याला पुरण्यात आले.

सहा वर्षांत त्याने ११० हून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांच्यावर पुढच्या पिढ्या वाढल्या. जीन ऑट्री, हँक स्नो, लेफ्टी फ्रिझेल, मर्ल हॅगार्ड या सर्वांनी प्रारंभी त्याचीच नक्कल केली किंवा त्याला आपला गुरू मानले. अर्नेस्ट टब या तरुण गायकाला कॅरीने जिमीची गिटारच वापरायला दिली. १९६१ मध्ये कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’ची स्थापना झाली, तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत जिमी रॉजर्स होता. मर्यादा ओलांडून तो काळ्या संगीतातही परत गेला. मिसिसिपीचाच हाउलिन वुल्फ हा ब्लूज गायक रॉजर्सचे योडलिंग ऐकून तसे गाऊ पाहत होता. त्याच्या भरड गळ्यातून योडल निघेना, तेव्हा त्याची प्रसिद्ध लांडग्यासारखी आरोळी जन्माला आली. १९५० मध्ये संगीत-संग्राहक ह्यू ट्रेसी याने केनियातील किप्सिगिस जमातीच्या मुलींचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यातील ‘चेमिरोचा’ या अर्धा मनुष्य आणि अर्धा हरिण अशा प्राण्याचे नाव म्हणजे जिमी रॉजर्स या शब्दांचा तिकडचा उच्चार होता. ग्रामोफोनमधून येणारा तो आवाज माणसाचा असेल यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

लुई आर्मस्ट्राँगचे नाव त्या नवव्या योडलशी जाहीरपणे जोडले जाण्यास ४० वर्षे लागली. १९७० मध्ये जॉनी कॅशच्या दूरदर्शन कार्यक्रमात आर्मस्ट्राँग आला आणि दोघांनी मिळून तेच गाणे पुन्हा सादर केले. पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँग गेला. रुळांवरच्या ज्या मजुरांनी पाणी देणाऱ्या पोराला गिटार शिकवली, त्यांना असा योग कधी आला नाही.

फळीवरच्या त्या दोन सूच्यांचा वाद मात्र संपला नाही. मार्च २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे कंट्री रॅप ‘बिलबोर्ड’ने आपल्या कंट्री गाण्यांच्या यादीतून काढून टाकले. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असे कारण देण्यात आले. त्यावर मोठी चर्चा झाली. हे गाणे मुख्य यादीत सलग १९ आठवडे अग्रस्थानी राहिले आणि त्याने नवा विक्रम केला. २०२४ मध्ये शबूझी या काळ्या गायकाच्या कंट्री रॅपने त्या विक्रमाची बरोबरी केली, आणि या वेळी ते कंट्रीच्या यादीतही पहिले होते. काळ्या तरुणांनी कंट्रीच्या अंगणात पाऊल टाकले, असे या घटनांचे वर्णन अनेकांनी केले. मेरिडियनच्या रुळांवर पहारी रेटणाऱ्यांना ते वर्णन पटले नसते. त्या अंगणाची माती आधी त्यांनीच खणली होती, आणि जिमी रॉजर्स हा तेथे पाण्याची बादली घेऊन आलेला मुलगा होता.